एका हाताने उघडणारा चाकू

दादांचा उजवा हात गेला त्याला तीन महिने झाले होते आणि ते दिवसभर एकच शब्द म्हणत होते: काकू.

दादा म्हणजे माझे वडील. जेठात शेतात ठिबकच्या नळ्या गुंडाळताना त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकाच दुपारी गेली. बीडला दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. वाचा हळूहळू येईल म्हणाले, आणि ती आलीही, पण तुकड्यातुकड्यानं. आधी ‘पाणी’ आलं. मग ‘बास’ आलं. आईचं नाव घ्यायची सवय जन्मात नव्हती, म्हणून ‘अगं’ आलं. आणि भादव्यात एके सकाळी ‘काकू’ आलं आणि ठाण मांडून बसलं.

आमच्यात काकू एकच, दादांच्या धाकट्या भावाची बायको. चुलते वारल्यापासून ती चकलांब्याला लेकीकडं राहते. बांधाच्या वादावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. आम्हा पोरांमुळं घरातले सगळेच तिला काकू म्हणायचे, अगदी दादासुद्धा, त्यामुळं दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. माणसाला जाण्याआधी जुनं भांडण मिटवावंसं वाटतं, असं गावातल्या जाणत्या मंडळींनी ठरवून टाकलं. टवाळांनी वेगळंच ठरवलं, ते मी इथं लिहीत नाही.

मी चौसाळ्याजवळच्या शाळेत मास्तर आहे. तिथंच खोली करून राहतो आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दिंद्रुडकडच्या आमच्या गावी जातो. आईचा फोन आला तो शुक्रवारी. म्हणाली, “येताना काकूला घिऊन ये. त्येंचा जीव अडकलाय तिच्यात.” हे वाक्य आईच्या तोंडून ऐकून मला हसू फुटलं. नंतर त्या हसण्याची लाज वाटली.

काकू आली. पिशवीत शेवचिवडा आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. बाजेजवळ बसून म्हणाली, “भावजी, मी आलेय. झालं गेलं इसरा आता.” दादांनी तिच्याकडं पाहिलं आणि डावा हात बाजेच्या लाकडावर आपटला. “काकू!” तिला हुंदका आला. ते आणखी चिडले. “काकू! काकू!” म्हणत त्यांनी डावा हात छातीवर नेला आणि बनियनवरच काहीतरी चाचपायला लागले. तिथं त्यांच्या कोपरीचा खिसा असायचा. आता कोपरी नव्हती आणि खिसाही नव्हता.

काकूनं डोळे पुसून त्या हाताकडं नीट पाहिलं. मग आईकडं वळून म्हणाली, “अवं आक्का, मला काहून आणलं? त्येन्ला मी न्हाई पायजे. चाकू म्हनत्यात ते. चाकू!”

दादांनी डोळे मिटले आणि मान हलवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं कोणाला तरी कळलं होतं, आणि ते कळलं बोलणं बंद असलेल्या बाईला. मी त्यांचा मुलगा, पोरांना शुद्धलेखन शिकवतो.

त्या चाकूची आठवण तेव्हा कुठं आम्हाला झाली. दादांचा चाकू घडीचा होता. मूठ काळ्या शिंगाची, पातं चार बोटांचं, धार लावून लावून निम्मं झिजलेलं. पात्याला वरच्या बाजूला नखाची खाच. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घालायचं आणि पातं ओढायचं. दादा तो रोज खिशात ठेवायचे, लग्नाला गेले तरी. सुतळी कापायची, खताचं पोतं उसवायचं, पायातला काटा काढायचा, ठिबकची नळी तोडायची, सगळं त्याच्यावर. बैलाचं दावं एकदा गव्हाणीत अडकून आवळलं होतं, तेव्हा कोयता मानेजवळ घालता येईना. दादांनी हाच चाकू दोराखाली सरकवून बैल सोडवला.

पण मला तो आठवतो वाळकासाठी. कपाशीत आमच्याकडं वाळकाचे, म्हणजे रानकाकडीचे, वेल घालायची पद्धत आहे. वाळूक गोड निघेल की कडू, हे वरून कळत नाही. दादा बांधावर बसायचे, चाकू धोतराला पुसायचे, वाळकाचा शेंडा कापून आधी स्वतःच्या तोंडात टाकायचे. गोड निघालं तर उरलेलं मला. कडू निघालं तर थुंकायचे नाहीत, गिळायचे आणि दुसरं घ्यायचे. माझ्या वाट्याला आयुष्यात कडू वाळूक आलं नाही.

आणखी एक. आमच्या घरात चाकू कोणी कोणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा. हातात दिला की त्या दोघांचं भांडण होतं. मी मास्तर झाल्यावर दादांना यावरून पुष्कळ चिडवलं. ते ऐकून घ्यायचे आणि चाकू जमिनीवर ठेवायचे.

तो चाकू झटक्याच्या दिवशी गेला. दवाखान्यात कोपरी कापून अंगातून काढली, तिचं पुढं काय झालं, कोणी विचारलंच नाही. त्या दिवशी कोपरीची काळजी करायला आम्ही शुद्धीवर कुठं होतो.

काकू संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना मला म्हणाली, “त्येन्ला एक घिऊन दे बाबा. लई जीव हाय त्यात.” मी म्हणालो, उद्याच आणतो. एवढं सोपं वाटलं मला.

आईनं मला चुलीजवळ बोलावलं. “द्यायचा न्हाई,” ती म्हणाली.

“का?”

“मास्तर हायस का येडा हायस? एक हात धड हाय त्येंचा. दिसभर आढ्याकडं बगत्यात. परवा मला म्हनले, बास.”

“पाण्याला म्हणाले असतील.”

“पान्याचं बास न्हवतं ते. मला कळतं.”

मी मागं वळून पाहिलं. भिंतीला टेकवून ठेवलेली विळी जागेवर नव्हती. आईनं ती कधीच माळ्यावर टाकली होती. न्हावी दाढीला आला की त्याचा वस्तरा पेटीत जाईपर्यंत ती दारात उभी राहते, हेही तेव्हा कळलं. तीन महिने ही बाई एकटी हा पहारा देत होती आणि मी दर शनिवारी येऊन तब्येत कशी आहे म्हणून विचारत होतो.

काकू आणि आई, दोघींपैकी कोणाचं खरं मानायचं? दादांना चाकू हवा होता तो जगण्यासाठी की संपवण्यासाठी? विचारायची सोय नव्हती. म्हणजे होती. मी समोर बसून विचारू शकलो असतो आणि त्यांनी मान हलवली असती. माझी हिंमत झाली नाही. ‘हो’ म्हणाले असते तर मी काय केलं असतं?

पण चाकू दिला नाही तर काय होतंय, तेही दिसत होतं. दादांनी आईनं कापून दिलेलं काहीही खायचं बंद केलं. पेरूची फोड तोंडाशी नेली की ओठ घट्ट. भाकरी कुस्करून दिली तर दोन घास. डावा हात सारखा छातीवर चाचपत राहायचा. त्यांच्या बनियनला तिथं काळा डाग पडला होता.

मग मी शोध सुरू केला. आईला सांगितलं, नुसता बघून येतो. दोन हातांचा चाकू त्यांच्या कामाचा नव्हता. एका हातानं उघडेल असा हवा, तोही डाव्या. माजलगावच्या दुकानात चकचकीत चाकू होते, बाटलीचं झाकण काढायचा आकडा, दात कोरायची काडी, सगळं असलेले. मी उजवा हात पाठीमागं धरायचो आणि डाव्यानं उघडून बघायचो. पातं हलायचं नाही आणि हललं तर चाकू हातातून पडायचाच. दुकानदार माझ्याकडं बघून गालात हसायचा. शेवटी म्हणाला, “सर, मोबाईलवर बघा की.” मोबाईलवर पाहिलं तर गोरे गोरे हात टेबलावर घड्याळ, बॅटरी आणि चाकू मांडून दाखवत होते, रोज खिशात काय काय बाळगावं म्हणून. त्या हातांना आयुष्यात काही कापायची वेळ आली असेल असं वाटत नव्हतं. त्यांच्या घरी कुणाचाही शब्द चाकूपाशी अडकला नव्हता. मी मोबाईल गादीवर फेकला.

बीडला एका गल्लीत एकानं आतून कापडात गुंडाळलेला खटक्याचा चाकू काढून दाखवला. खटका दाबला की पातं सटकन बाहेर. उघडायला अगदी सोपा, डाव्या अंगठ्यालाही. तो आवाज ऐकला आणि मला आई आठवली. मी बाहेर पडलो.

असे तीन रविवार गेले. दर रविवारी शोधून मी रिकाम्या हातानं घरी परतायचो, दादा माझ्या हाताकडं बघायचे आणि मग भिंतीकडं. दर खेपेला ते थोडे कमी झालेले दिसायचे.

चौथ्या रविवारी दिंद्रुडला रस्त्याकडेला पाल टाकून बसलेला म्हातारा लोहार भेटला. त्याची बायको घण मारत होती, तो सांडशीत खुरपं धरून होता. मी माझी कहाणी सांगितली.

“येका हातानं? खटक्याचा पायजे का?”

“खटक्याचा नको.”

“मग बस. खटक्याचा मी करतच न्हाई. ज्याला त्यो लागतो, त्यो मानूस मला लागत न्हाई.” त्यानं खुरपं बाजूला टाकलं. “म्हाताऱ्याच्या अंगठ्यात दम हाय का?”

“माझं बोट धरतात तेव्हा सोडवता येत नाही.”

“मग झालं काम.”

त्याच्याकडं जुन्या करवतीच्या पात्याचा, बाभळीच्या मुठीचा एक घडीचा चाकू होता. त्यानं पात्याला बुडाजवळ भोक पाडलं आणि त्यात पितळेची बारीक घुंडी ठोकून बसवली, डाव्या अंगठ्याच्या बाजूला. रिबीट किंचित सैल केलं, तेल सोडलं, स्वतः डाव्या हातात धरून घुंडीला अंगठा लावला. पातं निवांत उघडलं, काही आवाज न करता. मला ओरडावंसं वाटलं. तीन आठवडे जे सापडत नव्हतं, ते त्या म्हाताऱ्यानं एक बिडी संपायच्या आत केलं होतं. मग तो कुरुंदाच्या दगडावर धार काढायला बसला.

मी म्हणालो, “मामा, धार जरा कमीच ठेवा.”

त्यानं हात थांबवला. “कुनासाठी हाय म्हनला?”

“वडलांसाठी.”

“वडलांसाठी अन् बिनधारेचा?” त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मी बिनधारेचा चाकू देत न्हाई, गुरुजी. त्यानंच हात कापतो.” त्यानं पुरती धार काढली, मनगटावरचे केस कापून बघितले, चाकू मिटला आणि समोरच्या पोत्यावर ठेवला. मी उचलला.

दिंद्रुडहून गावाकडं येताना ओढ्यावर पूल आहे. तिथं मी मोटारसायकल लावली. मी काय करणार आहे, हे मला पालातून उठतानाच ठाऊक होतं. चाकू उघडला आणि पुलाच्या सिमेंटच्या कठड्यावर पातं उभं धरून घासायला लागलो. खर्र, खर्र. दात आंबले. गावातला एक जण सायकलवरून चालला होता, त्यानं विचारलं, “काय गुरुजी, गाडी बंद पडली?” मी म्हणालो, नाही, जरा थांबलोय. तो दिसेनासा झाला तेव्हा पुन्हा घासलं. तळहातावर पातं ओढून पाहिलं, नुसती पांढरी रेघ उठली. आईची भीती मिटेल आणि दादांची हौस भागेल, असा माझा हिशेब होता. स्वतःला मी फार शहाणा समजतो.

घरी आलो. आई दारातच आडवी आली. मी तिच्या कानात सांगितलं. ती बाजूला झाली.

चाकू मी बाजेवर, दादांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी उचलला. मूठ चाचपली, घुंडी चाचपली. काय करायचं, हे मी सांगायची गरज पडली नाही. अंगठा लावला आणि पातं उघडलं. एका हातानं, स्वतःचं स्वतः. तोंडाची जी बाजू जिवंत होती तिच्यावर हसू आलं. आई तोंडात पदर धरून रडायला लागली. मीही हसत होतो, डोळे भरून आले होते. त्या क्षणी कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की दादा बरे झाले.

मग त्यांनी अंगठा पात्यावर आडवा फिरवला. शेतकरी माणूस हातात हत्यार आलं की पहिल्यांदा हेच करतो. मला हे माहीत होतं. जन्मभर पाहिलं होतं. पुलावर ते आठवलं नाही.

अंगठा एकदा फिरला, पुन्हा फिरला. धारेवरचे ओरखडे त्यांच्या बोटाला कळले असणार. हसू गेलं. त्यांनी मान वळवून आईकडं पाहिलं, आईनं नजर खाली घातली. मग माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते खूप वेळ पाहत राहिले, कोण आलंय हे ओळखत असल्यासारखं.

त्यांनी चाकू मांडीवर दाबून मिटला आणि माझ्यापुढं धरला. मी वाट पाहिली, ते बाजेवर ठेवतील म्हणून. त्यांनी ठेवला नाही. हात खाली जात नव्हता. शेवटी मी तळहात पुढं केला आणि त्यांनी चाकू माझ्या हातात दिला.

आई नंतर म्हणाली, “त्येन्ला खाली ठिवता येत न्हाई, म्हून दिला हातात. तू काय बी इचार करू नको.” असेलही. पण बाज हाताशीच होती. मी हा विचार इतक्या वेळा केला आहे की आता त्यातलं खरं काय ते मला कळेनासं झालंय.

थोड्या वेळानं आई त्यांची चादर बदलायला आली. मी दादांना खांद्याला धरून उचललं, तिनं उशी काढली. उशीखाली एक वाळूक होतं. पिवळं, पिकलेलं, देठासकट.

“हे काय?” मी विचारलं.

“आपला वाटेकरी आणून देतो रानातून. दर शनिवारी तू यायच्या आदी मागून घेत्यात अन् उशाला ठिवत्यात. मागचं नासलं, त्याच्या मागचं बी नासलं. मला वाटलं, वासाला ठिवत असत्याल.” एवढं बोलून आई थांबली. तिलाही तेव्हाच कळलं. ती जमिनीवर बसली.

मला रडू आलं नाही. मला स्वतःची शिसारी आली. तो माणूस तीन आठवडे माझ्यासाठी वाळूक राखून होता. आधी स्वतः शेंडा चाखून, गोड निघालं तर मला द्यायला. आणि मी त्याच्यासाठी पुलावर धार मोडत होतो.

मी परसात गेलो, दगडावर पाणी ओतलं आणि चाकू घासायला बसलो. सिमेंटनं खाल्लेली धार लवकर येत नाही. बोटं कापली, पाणी लाल झालं, तरी थांबलो नाही. केस कापले जातील इतकी धार आली, तेव्हा आत आलो. चाकू बाजेवर ठेवला, शेजारी वाळूक ठेवलं. “दादा,” मी म्हणालो, “आता बघा. चुकलो मी. बघा ना एकदा.” आईसुद्धा म्हणाली, “घ्या की. मीच येडी. घ्या.” दादा भिंतीकडं पाहत होते. मी त्यांचा डावा हात धरून चाकूवर ठेवला. त्यांनी तो काढून घेतला. मी पुन्हा ठेवला. मी पायावर डोकं ठेवलं. त्यांनी हात पोटावर घेतला आणि डोळे मिटले.

त्यानंतर ते भांडले नाहीत. त्यांनी माझ्याकडं काही मागायचंच बंद केलं. आईला पाणी मागायचे, वाटेकऱ्याला बैलांचं विचारायचे. वाचा पुष्कळ सुधारली होती. काकू पुन्हा दोनदा येऊन गेली, तिच्याशी तर चार शब्द बोलले. मी गेलो की ‘आलास?’ म्हणायचे आणि मी निघालो की मान हलवायचे. छातीवर हात नेणंही थांबलं. आईला वाटलं, नाद सुटला.

चाकू उशाशी पडून असायचा. आई चादर बदलताना उचलायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. कापून दिलेली फोड ते आता खायचे. जी दिली ती, मुकाट्यानं.

ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा दादा गेले, झोपेतच. चाकू होता तिथंच होता. त्याला कोणी हात लावला नव्हता.

आता तो माझ्या खिशात असतो. शनिवारी घरी गेलो की कुरुंदावर धार लावतो, काही कापायचं असो नसो. मागच्या भादव्यात वाटेकऱ्यानं वाळकं आणून दिली. मी आईजवळ बसून एकाचा शेंडा कापला आणि तोंडात टाकला. कडू जहर होता. मी गिळला. आई म्हणाली, “गोड हाय का रं?” मी दुसरं वाळूक घेतलं.